दोघांच्या खांद्यावर बावीस घरांची बाग

पत्राचा सारांश : लातूर शहरातील एका वसाहतीत राहणाऱ्या निवृत्त शिक्षिकेचे हे पत्र आहे. तीन वर्षांपूर्वी ले-आउटमधील आठ गुंठ्यांच्या मोकळ्या जागेतले गाजरगवत उपटून बावीस घरांनी मिळून बाग उभी केली. चौदा वाफ्यांत भाजीपाला आहे, कडेने शेवगा, लिंबू आणि कढीपत्ता आहे, आणि पाण्यासाठी वसाहतीचा सामायिक बोअर आहे. पहिल्या वर्षी रविवारच्या श्रमदानाला चाळीस-चाळीस माणसे येत. आता पत्रलेखिका आणि एक निवृत्त काका असे दोघेच रोज सकाळी सहाला येतात. ग्रुपवर निरोप टाकला की अंगठ्यांची चित्रे येतात, माणसे येत नाहीत. कामाला कधीही न आलेले एक आजोबा पहाटे वांगी आणि शेपू तोडून नेतात व ‘जागा सर्वांची, भाजीही सर्वांची’ असे सांगतात. चैत्रात एका शेजारणीने चारचौघांत ‘माणसाला पाणी नाही आणि तुम्ही वांग्याला घालता’ असे ऐकवले, ते पत्रलेखिकेच्या मनाला लागले आहे. वर्गणी काढून माळी ठेवू, असे सचिवांचे म्हणणे आहे. फाटकाला कुलूप लावून किल्ली फक्त काम करणाऱ्यांना द्यावी, माळी ठेवावा, की आपणच यातून बाजूला व्हावे, असा त्यांचा प्रश्न आहे.

उत्तर

ताई, नमस्कार.

तुमचे पत्र मी दोनदा वाचले. पहिल्या वाचनात तुमचा थकवा दिसला. तीन वर्षे रोज पहाटे उठून, गुडघे दुखत असताना वाफ्यात बसून खुरपणाऱ्या माणसाला थकवा येणारच, आणि त्याबद्दल मनात अपराधी वाटून घेण्याचे काहीही कारण नाही. दुसऱ्या वाचनात मात्र मी एका वाक्यापाशी थांबले. तुम्ही लिहिले आहे, ‘हे स्वेच्छेचे काम आहे, म्हणून मी कुणाला सांगायला जात नाही, ज्याला वाटेल तो येईल.’ हे वाक्य तुमच्या भिडस्त आणि चांगल्या स्वभावातून आले आहे हे मला समजते, पण बागेची अडचण बहुधा येथूनच सुरू झाली असावी. म्हणून कुलूप, माळी आणि तुमचे बाजूला होणे या तिन्ही गोष्टींकडे वळण्याआधी याच वाक्याविषयी थोडे बोलते.

गावाकडे माणसांनी मिळून काम करण्याच्या दोन जुन्या रीती आहेत. एकीला इर्जिक म्हणतात. कुणाचे आजारपण आले, बैल गेला, नांगरट मागे पडली, की गावातले शेतकरी एक दिवस आपापली औते घेऊन त्याच्या रानात उतरतात, दिवस मावळेपर्यंत काम उरकतात आणि त्याच्याकडे जेवून घरी जातात. दुसरी रीत म्हणजे सावड, जिला काही भागांत वारंगुळा म्हणतात. आज चार घरची माणसे तुमच्या रानात खुरपायला आली, तर उद्या तीच माणसे माझ्या रानात येतात. सावडीत जेवणावळ नसते, पण हिशेब असतो. कुणाचे किती दिवस झाले आणि कुणाकडे किती फिरले, हे सर्वांच्या डोक्यात पक्के असते, आणि तो हिशेब बोलून दाखवण्यात कुणालाही कमीपणा वाटत नाही.

तुमची बाग इर्जिकीवर उभी राहिली. गाजरगवत उपटणे, दगड वेचणे, मुरुमावर काळी माती आणून टाकणे ही कामे एकदाच करायची होती, त्यांचा शेवट दिसत होता, आणि संध्याकाळी केलेले काम डोळ्यांपुढे उभे राहत होते. २०१६ च्या उन्हाळ्यात तुमच्या शेजारच्या अंबाजोगाई तालुक्यातील गावांनी पानी फाउंडेशनच्या वॉटर कप स्पर्धेत जे श्रमदान केले, तेही मुदतीचे काम होते, आणि ठरलेली मुदत हे माणसे घराबाहेर पडण्यामागचे एक मोठे कारण होते असे मला वाटते. रोजच्या निगेला अशी मुदत नसते. आज खुरपलेल्या वाफ्यात पंधरा दिवसांनी लव्हाळा पुन्हा डोके वर काढतो, आणि तो उपटल्याबद्दल कुणी टाळ्या वाजवत नाही. अशा कामाला सावड लागते, आणि तुमच्या वसाहतीत सावड कधी बसवलीच गेली नाही. बावीस घरांनी बागेकडे पाठ फिरवली असे तुम्ही म्हणता. मला पत्रातून दिसते ते असे, की त्या घरांच्या वाट्याला ठरलेले असे काही काम आलेच नाही.

हिशेबाचा संकोच वाटत असेल, तर धुळे-नाशिककडची फड पद्धत आठवून पाहा. पांझरा, मोसम यांसारख्या नद्यांवर बंधारे घालून पिढ्यान्‌पिढ्या चाललेल्या त्या सामुदायिक सिंचनात पाणी सोडायला पाटकरी आणि राखणीला जागले नेमलेले असत, आणि त्यांचा मोबदला शेतकरी मिळून देत. सामायिक पाणी, कुरणे आणि जंगले लोक स्वतः कशी सांभाळतात याच्या अभ्यासासाठी ओळखल्या जाणाऱ्या एलिनॉर ऑस्ट्रॉम यांना २००९ मध्ये अर्थशास्त्राचे नोबेल मिळाले. टिकून राहिलेल्या व्यवस्थांत त्यांना जे आढळले त्यात हेच होते, की नियम वापरणाऱ्यांनी स्वतः केलेले असतात, ते पाळले जातात की नाही यावर कुणाची तरी नजर असते, आणि चुकणाऱ्याला पहिल्यांदा अगदी सौम्यपणे समज दिली जाते. तेव्हा काम सांगितल्याने किंवा वाटून दिल्याने स्वेच्छेला बाध येतो, ही समजूत कृपया मनातून काढून टाका.

दुसरे असे, की जे येत नाहीत त्यांना बागेचे काही पडलेले नाही हे तुम्ही गृहीत धरले आहे. सकाळी सहा ही वेळ तुम्हाला आणि काकांना सोयीची आहे, कारण तुम्ही दोघेही निवृत्त आहात. ज्या घरातले मूल साडेसहाच्या ट्यूशनला जाते, आणि लातुरात असे घर नसलेली गल्ली शोधावी लागेल, त्या घरातील आई सहाला डबा भरत असते. मोंढ्यात ज्यांचे दुकान आहे ते सोयाबीनच्या हंगामात रात्री उशिरा घरी पोहोचतात. गेल्या तीन रविवारी श्रमदानाला कुणीच आले नाही असे तुम्ही लिहिता. एकदा दिनदर्शिका काढून पाहा, त्यांतले किती रविवार नळाचे दिवस होते. नळाला पाणी येते त्या दिवशी आपल्याकडे घरातून कुणी हलत नाही. टाकी, पिंप, घागरी, अगदी स्वयंपाकघरातली पातेलीसुद्धा भरून होईपर्यंत माणसे पाइपाजवळ उभी असतात. त्या सकाळी बागेत कुणी आले नाही, याचा अर्थ बाग नकोशी झाली असा होत नाही.

हे मी स्वतःच्या अनुभवावरून सांगते. बऱ्याच वर्षांपूर्वी परभणीत आमच्या कॉलनीतल्या बागेचे काम मी असेच अंगावर घेतले होते. ठिबकचे कॉक कोणत्या क्रमाने उघडायचे ते मला एकटीला ठाऊक, बियांचा डबा माझ्याकडे, फाटकाची किल्लीही माझ्याकडे. एका वर्षी पावसाळा संपता संपता मला टायफॉइड झाला आणि तीन आठवडे मी अंथरुणावर होते. उठून बागेत गेले तेव्हा ऑक्टोबरच्या उन्हाने पालक वाळून गेला होता आणि टोमॅटोच्या रोपांनी माना टाकल्या होत्या. त्या वाफ्यांना लागून असलेल्या रस्त्याने रोज दहा घरची माणसे ये-जा करत होती. मला फार राग आला. समोरच्या घरातील सूनबाईला मी विचारले, तेव्हा ती म्हणाली, ‘काकू, मी दोनदा पाइप हातात घेतला होता. पण तुम्हाला चालेल की नाही ते कळेना, म्हणून परत ठेवून दिला.’ त्या दिवसापर्यंत मला वाटत होते की लोक काम टाळतात. माझ्या बागेत हात घालायला लोकांना भीती वाटते, हे मला तेव्हा पहिल्यांदा कळले, आणि मी ‘माझ्या बागेत’ असे म्हणत होते हेही कळले.

तुमच्या पत्रात ‘फिल्टर साफ करणे फक्त काकांनाच जमते’ असे एक वाक्य आहे, म्हणून मला हा प्रसंग आठवला. ठिबकचा फिल्टर साफ करणे हे अवघड काम नाही. मोटार बंद करायची, फिल्टरचे झाकण फिरवून उघडायचे, आतली जाळी बाहेर काढायची आणि जुन्या टूथब्रशने वाहत्या पाण्याखाली घासायची. आपल्याकडच्या बोअरच्या पाण्यात क्षार असतात, त्यामुळे जाळीवर पांढरट थर दिसतो; तो निघाला की जाळी परत बसवायची, नळ्यांच्या टोकांची बुचे काढून गढूळ पाणी वाहू द्यायचे आणि स्वच्छ पाणी दिसले की बुचे लावायची. एवढेच ते काम आहे. आठवीतल्या मुलीला एकदा शेजारी उभे करून दाखवले, तर पुढच्या वेळी ती एकटी करील. पण तिला कुणी तरी बोलावून दाखवले पाहिजे. बागेत जे ज्ञान एका माणसापाशी साठते ते इतरांना दूर ठेवते, तो माणूस कितीही भला असला तरी.

आता सांगायचे कसे ते पाहू. ग्रुपवर ‘उद्या सर्वांनी श्रमदानाला यावे’ असे लिहिले की बावीस घरे आपापल्या मनात उरलेल्या एकवीस घरांकडे पाहतात. त्याऐवजी संध्याकाळी एखाद्याच्या दारी जाऊन, नाव घेऊन, काम, वेळ आणि शेवटची तारीख सांगून विचारा. ‘सूनबाई, मंगळवारी संध्याकाळी साडेसहा ते सात एवढा वेळ मिळेल का? तीन आणि चार नंबरच्या वाफ्यांना पाणी द्यायचे आहे. आषाढी एकादशीपर्यंतच, पुढे दुसरे कुणी घेईल.’ यातले शेवटचे वाक्य सर्वांत महत्त्वाचे आहे. एकदा हो म्हटले की हे काम कायमचे गळ्यात पडेल, या धास्तीने अर्धी माणसे नाही म्हणतात. पाळी संपण्याचा दिवस ठाऊक असला तर तीच माणसे पाळी घ्यायला तयार होतात. काम दोन-दोन घरांच्या जोडीला द्या. एकीला गावी जावे लागले तर दुसरी सांभाळून घेते, आणि तिन्हीसांजेला एकटीने मोकळ्या जागेत जायला संकोचणाऱ्या बायका जोडीने आल्या तर निःशंकपणे येतात. बावीसपैकी दहा घरांनी हो म्हटले, तरी पाच जोड्या होतात. आठवड्याचे पाच दिवस त्यांचे आणि उरलेले दोन तुमचे व काकांचे.

पंपाच्या खोलीत एक शंभर पानी वही दोरीला पेन बांधून टांगून ठेवा. ज्याची पाळी असेल त्याने दोन ओळी लिहाव्यात, की कोणत्या वाफ्याला पाणी दिले, वांग्यावर मावा दिसला की नाही, कोणती नळी गळते आहे. ग्रुपवर लिहिलेले वर सरकून जाते, वहीतले पान दुसऱ्या दिवशी येणाऱ्याच्या समोर असते. ज्यांना वाकता येत नाही त्यांनी ही वही आणि अवजारांचा हिशेब सांभाळावा. खुरपी, टिकाव, घमेली किती आहेत आणि कुणाच्या घरी राहिली आहेत हे पाहणारा एक माणूस असला की बागेतले निम्मे वाद उद्भवतच नाहीत. आणि ज्या घरांना यातले काहीच जमणार नाही, त्यांची यादी करू नका. त्या घरात कुणाची शुश्रूषा चालू असेल, कुणाची परीक्षा असेल. पुढच्या वर्षी ती घरे आपणहून येतील, पण यंदा यादीत नाव लागले तर येणार नाहीत.

शेजारणीच्या बोलण्याविषयी मला सविस्तर लिहायचे आहे, कारण माझ्या मते तुमच्या पत्रातला सर्वांत अवघड भाग तोच आहे. तिचे शब्द कडू होते, पण तिचे म्हणणे खोटे नव्हते. २०१६ मध्ये लातुरात पाणी भरण्याच्या ठिकाणी जमावबंदी लावावी लागली होती. त्या वर्षी १२ एप्रिलला मिरजेहून पहिली पाण्याची गाडी आली, तेव्हा तिच्या दहा वाघिणींतून पाच लाख लिटर पाणी आले, आणि ते पाहायला लोक स्टेशनवर जमले होते. ज्या बाईने तो उन्हाळा घागरी सांभाळत काढला आहे, तिला एप्रिलमध्ये बागेत मोकळा सोडलेला पाइप दिसला की पोटात गोळा येणारच. तिला बागेचा मत्सर वाटतो असे समजू नका. तिच्या बोलण्याला आकड्यांनी उत्तर द्या, आणि ते आकडे आधी तुम्ही स्वतः मांडून पाहा.

तुमचा एक वाफा वीस फूट लांब आणि पाच फूट रुंद आहे, म्हणजे शंभर चौरस फूट, सुमारे सव्वानऊ चौरस मीटर. चौदा वाफ्यांचे १३० चौरस मीटर होतात. एक मिलिमीटर पाणी म्हणजे चौरस मीटरला एक लिटर. आपल्याकडच्या मे महिन्यात भाजीपाल्याला दिवसाला साधारण सात मिलिमीटर पाणी धरावे लागते, म्हणजे तुमच्या चौदा वाफ्यांना रोज नऊशे लिटरच्या आसपास, आणि ठिबकऐवजी पाइपाने दिले तर त्याहून बरेच जास्त. शहरी पाणीपुरवठ्याचे नियोजन करताना माणशी रोज १३५ लिटर पाणी धरतात. त्या मापाने तुमच्या वाफ्यांना जवळजवळ सात माणसांचे पाणी लागते. हे शेजारणीला ठाऊक नव्हते, तरी तिचा अंदाज चुकीचा नव्हता.

म्हणून माझी सूचना अशी आहे, की उद्यापासून पावसाळ्यापर्यंत फक्त पाच वाफे चालू ठेवा. पाच वाफ्यांचे पाणी रोज सव्वातीनशे लिटरच्या घरात येते, आणि वाफ्यावर सोयाबीनच्या भुसकटाचे किंवा उसाच्या पाचटाचे बोटभर जाडीचे आच्छादन घातले तर त्यातही बचत होते. भाजी, तांदूळ आणि डाळ धुतलेले पाणी एका घरातून दहा लिटर धरले, तरी बावीस घरांचे २२० लिटर होते. फाटकाजवळ एक पिंप ठेवा आणि येता-जाता प्रत्येकाने आपली बादली त्यात रिकामी करावी असे सांगा. साबणाचे पाणी पालेभाजीला घालू नका, ते कर्दळीला किंवा केळीला जाऊ द्या. आरओच्या यंत्रातून वाया जाणाऱ्या पाण्यात क्षार जास्त असतात, तेही वाफ्यांत रोज नको. पिंपाजवळ पाटी लावून रोज किती बादल्या आल्या आणि बोअरचे किती पाणी घेतले ते खडूने लिहा. तुमच्या त्या शेजारणीला ही पाटी लिहिण्याचे काम सांगून पाहा. पाण्याची इतकी काळजी असलेली व्यक्ती या कामासाठी दुसरी मिळणार नाही, आणि ते तिला मनापासून सांगा.

उरलेले नऊ वाफे उकरून तसेच तापू द्या. मे महिन्याच्या उन्हाने जमिनीतल्या किडींचे कोष मरतात आणि लव्हाळ्याच्या गाठीही काही प्रमाणात वाळतात. चालू वाफ्यांत काय ठेवायचे ते हातांचा अंदाज घेऊन ठरवा. भेंडी एक दिवसाआड तोडावीच लागते, नाही तर जून होते. आपल्या परभणीच्या कृषी विद्यापीठाची ‘परभणी क्रांती’ लावली तरी तोडणीची पाळी चुकत नाही. रोज येणारे हात नसतील तर भेंडी लावू नका. तांदुळजा, अंबाडी, गवार ही दोन दिवसांचे दुर्लक्ष सोसतात. शेवगा, लिंबू आणि कढीपत्ता तर तुम्ही आठवडाभर गावाला गेलात तरी रुसत नाहीत. बाग लहान केली म्हणजे आपण हरलो, असे तुम्हाला वाटण्याचा संभव आहे. चौदा वाफे हे पहिल्या वर्षीच्या चाळीस माणसांचे माप होते. यंदाच्या माणसांचे माप वेगळे आहे, आणि दसऱ्यानंतर रब्बीला हात वाढले तर वाफे वाढवता येतील.

आता कुलुपाकडे येते. कुलूप लावू नका. ले-आउटमधील मोकळी जागा सर्व रहिवाशांच्या उपयोगासाठी सोडलेली असते, तेव्हा आजोबांचे ‘जागा सर्वांची’ हे म्हणणे बरोबर आहे, आणि कुलुपावरून तक्रार झाली तर महापालिकेत तुमची बाजू लंगडी पडेल. वसाहतीच्या बैठकीत ठराव करून, बागेची निगा कोण आणि कशी ठेवणार हे महापालिकेला पत्राने कळवून त्याची पोच मात्र अवश्य घेऊन ठेवा. हे काम आजवर झालेले नसेल तर ते सर्वांत आधी करा. ‘भाजीही सर्वांची’ या म्हणण्यावर वाद न घालता तोडणीचे दिवस ठरवा. बुधवारी आणि रविवारी भाजी तोडायची, त्या आठवड्यात ज्यांची पाळी असेल त्यांच्या जुड्या आधी बाजूला काढायच्या आणि उरलेली भाजी फाटकाजवळ टोपलीत ठेवायची, ज्याला हवी त्याने न्यावी. कढीपत्ता, गवती चहा आणि शेवग्याची पाने तर कुणालाही केव्हाही मोकळी असू द्या.

आजोबांशी ग्रुपवर बोलू नका, आणि तुम्ही एकट्याही बोलू नका. काकांनी त्यांच्याकडे चहाला जावे, आणि भाजीचा विषय काढण्याआधी त्यांचे कसे चालले आहे ते विचारावे. ते कशासाठी भाजी नेतात हे तुम्हाला किंवा मला ठाऊक नाही. त्यांच्या घरी भाजी आणायला कुणी नसेल, झोप लागत नसेल, किंवा खरेच त्यांना तो आपला हक्क वाटत असेल. पहाटे पाचला जागा असणारा माणूस बागेला उपयोगाचा आहे. बुधवारची आणि रविवारची तोडणी तेच करतील का, जुड्या बांधून टोपलीत तेच ठेवतील का, असे काकांनी विचारून पाहावे. त्यांनी हो म्हटले तर तुमचे काम हलके होईल. नाही म्हटले आणि पूर्वीप्रमाणेच भाजी नेत राहिले, तर काकांनी आणखी एकदा जाऊन तोडणीचे दिवस ठरले आहेत एवढेच शांतपणे सांगावे. त्यानंतरही चार वांगी गेली तर जाऊ द्या. चार वांग्यांपायी शेजार मोडू नये.

माळी ठेवण्यात कमीपणा काहीच नाही, आणि ज्या वसाहतीत बहुतेक घरे वृद्धांची आहेत तेथे तोच शहाणपणाचा मार्ग आहे. तुमच्याकडे मात्र रोजचा माळी ठेवला तर उरलेले हातही सुटतील आणि त्याला सूचना देण्याचे, वर्गणी गोळा करण्याचे व तो न आल्यास धावपळ करण्याचे काम पुन्हा तुमच्याच गळ्यात पडेल, असे मला वाटते. त्याऐवजी जड कामापुरती मजुरी द्या. काळ्या मातीत पावसाचे पाणी साचून मुळ्या कुजतात, म्हणून मृगाआधी गादीवाफे करून घ्यावे लागतील. ते काम दोन मजुरांना दोन दिवसांची रास्त मजुरी देऊन करून घ्यावे आणि शेवटच्या दिवशी सर्व घरांनी उतरून वाफे सारखे करावेत, तुराट्यांचे मांडव उभारावेत आणि तेथेच पिठले-भाकरी खावी. मी इर्जिकीच्या विरोधात नाही. वर्षातून दोनदा, मृगाआधी आणि दसऱ्यानंतर, ती जरूर घाला. नळाचा दिवस टाळून तारीख ठरवा.

राहिला तुमच्या बाजूला होण्याचा प्रश्न. सगळे सोडून देण्याची गरज मला दिसत नाही, पण थोडे मागे सरणे आवश्यक आहे, आणि तुमच्यासाठी ते खुरपण्याहून कठीण जाईल. मृग नक्षत्र ७ किंवा ८ जूनला लागते. तोवर आठवड्यातले पाच दिवस दुसऱ्यांच्या हाती गेलेले असावेत असे ठरवा. पहिल्या मंगळवारी सूनबाई आणि तिची जोडीदारीण येतील, तेव्हा त्यांना कॉक आणि फिल्टर दाखवा, वहीत कसे लिहायचे ते सांगा आणि घरी जा. दुसऱ्या मंगळवारी बागेकडे फिरकू नका, गॅलरीतूनही पाहू नका. बुधवारी सकाळी तांदुळजा कोमेजलेला दिसला तर स्वतः पाणी घालून मोकळ्या होऊ नका आणि ग्रुपवर फोटोही टाकू नका. वहीत ‘वाफा ३, माती कोरडी’ एवढेच लिहा आणि संध्याकाळी तिच्या दारी जाऊन काल काही अडचण आली का, असे विचारा.